भाड्याने देण्यासाठी पहिला फ्लॅट: पैशाची जुळवाजुळव ते भाडेकरू

‘भाडं येत राहील आणि हप्ता परस्पर फिटत राहील’ हे गणित पुण्या-मुंबईतल्या राहत्या फ्लॅटच्या बाबतीत सहसा जुळत नाही. सोसायटीतल्या फ्लॅटचं वर्षभराचं भाडं त्याच्या किमतीच्या साधारण तीन ते चार टक्के भरतं, आणि गृहकर्जाचं व्याज त्याच्या दुपटीच्या घरात असतं. तरीही लोक असे फ्लॅट घेतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं बरं चालतं, कारण त्यांनी तूट आधीच हिशेबात धरलेली असते. म्हणून फ्लॅट बघायला बाहेर पडण्याआधी एक आकडा वहीत लिहून ठेवावा: दर महिन्याला खिशातून किती घालता येतील, आणि किती वर्षं. कोणता फ्लॅट, किती कर्ज, कोणता भाग, हे सगळं या आकड्यावरून ठरवायचं.

पन्नास लाखांच्या फ्लॅटला हातात किती लागतात

पुणे महापालिका हद्दीतला, दहा-बारा वर्षं जुना, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) असलेला वन बीएचके घेतोय असं धरू. करारातली किंमत ५० लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के एवढीच रक्कम देता येते. म्हणजे आपल्याला जास्तीत जास्त ४० लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या ‘किमतीत’ धरली जात नाही (दहा लाखांच्या आतल्या घरांचा अपवाद सोडून), आणि पहिल्यांदा घर घेणाऱ्यांची गाडी नेमकी इथेच अडते. खिशातून लागणारी रक्कम अशी:

- स्वतःचा हिस्सा: १०,००,०००
- मुद्रांक शुल्क ७ टक्के: ३,५०,०००
- नोंदणी फी: ३०,००० (किमतीच्या १ टक्का, पण कमाल ३० हजार)
- सोसायटीचं हस्तांतरण शुल्क: २५,००० (शहरातली कमाल मर्यादा हीच)
- एजंटाची दलाली १ टक्का: ५०,०००
- वकिलाचा शोध अहवाल (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) आणि करार: २०,०००
- बँकेची प्रक्रिया फी, गहाणाच्या नोंदीचा खर्च वगैरे: ३०,०००
- रंग, पंखे, गिझर, कपाटं, किचन ट्रॉली: १,५०,०००

बेरीज १६ लाख ५५ हजार. त्यावर सहा महिन्यांचे हप्ते आणि मेंटेनन्स बाजूला ठेवायचा म्हणजे आणखी सव्वादोन लाख. थोडक्यात, पन्नास लाखांच्या फ्लॅटसाठी जवळ सुमारे १९ लाख रोकड नसेल तर तो फ्लॅट आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. ‘वीस टक्के भरले की झालं’ हे बिल्डरच्या माहितीपत्रकात शोभतं.

मुद्रांक शुल्कात थोडी बचत होऊ शकते. राहत्या घराची खरेदी फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्याच नावावर असेल तर राज्यात एक टक्का सवलत आहे. इथे त्याचे पन्नास हजार होतात. नवरा-बायको दोघांची नावं घातली की सवलत गेली. शुल्क मात्र करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरचा (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या किमतीचा) दर यांतल्या जास्त रकमेवर लागतं, म्हणून बोलणी पक्की करण्याआधी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्या विभागाचा दर पाहून घ्या.

आता भाड्याची बाजू

याच फ्लॅटला महिना १६,००० भाडं मिळतं असं धरा. वर्षाचे १,९२,०००, म्हणजे ३.८ टक्के. यातून काय काय वजा होतं ते बघा. दोन भाडेकरूंच्या मधला एक रिकामा महिना १६,०००. मेंटेनन्स महिना २,००० प्रमाणे २४,०००. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) १,८००. मालमत्ता कर १२,०००. दोन वर्षांतून एकदा एजंटाला एक महिन्याचं भाडं, म्हणजे वर्षाला ८,०००. रंग, प्लंबर, कधी गिझर, कधी बाथरूमची गळती यासाठी १५,०००. एकूण ७६,८००. हातात राहतात १,१५,२००. घातलेली एकूण रक्कम साडेछप्पन लाख. त्यावर हे उत्पन्न दोन टक्के पडतं.

वर्षाला साडेआठ टक्के दराने आणि वीस वर्षांच्या मुदतीने एक लाखाला महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. ४० लाखांना ३४,७१३. वर्षाचे ४,१६,५५६. त्यातून भाड्याचे १,१५,२०० वजा केले तर तीन लाखांवर, म्हणजे दरमहा पंचवीस हजारांच्या आसपास आपण घालायचे. हाच हिशेब उलटा मांडला तर आणखी उपयोगी पडतो: खर्च जाऊन महिना ९,६०० उरतात, आणि ९,६०० भागिले ८६८ म्हणजे सुमारे ११ लाख. या फ्लॅटवर अकरा लाखांपर्यंतच कर्ज काढलं तरच भाड्यातून हप्ता निघेल. त्यावरचा प्रत्येक लाख महिन्याला ८६८ रुपयांची पदरमोड आहे.

मग हे करायचंच कशाला? किंमत वाढेल या आशेवर. ती आशा खोटी ठरतेच असं नाही, पण ती भाड्याच्या रकान्यात लिहायची नाही. मालमत्ता कराचा आकडाही विक्रेत्याच्या पावतीवरून उचलू नका: पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर करात ४० टक्के सवलत असते, आणि फ्लॅट भाड्याने दिला की ती जाते. विक्रेता स्वतः राहत असेल तर त्याच्या पावतीवरचा कर तुम्हाला लागणाऱ्या करापेक्षा कमी दिसणार.

बँक आपल्याला किती देईल

बँका साधारणपणे सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या पन्नास ते साठ टक्क्यांत बसवतात. हातात एक लाख येतात, राहत्या घराचा हप्ता २०,०००, गाडीचा ८,००० असेल तर पन्नास टक्क्यांच्या हिशेबाने नव्या हप्त्याला २२,००० उरतात. २२,००० भागिले ८६८, म्हणजे पंचवीस लाख. गाडीचं कर्ज आधी फेडलं तर पात्रता नऊ लाखांनी वाढते. म्हणून अर्ज करण्याच्या तीन-चार महिने आधी लहानसहान कर्जं आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी मिटवून टाकावी; तेवढ्यात सिबिल अहवालातही (आपल्या कर्जफेडीच्या इतिहासाचा अहवाल) ती नोंद येते. अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आधी काढून चुकीच्या नोंदी दुरुस्त करून घ्या. बंद केलेलं कार्ड ‘चालू’ दिसणं ही नेहमीची तक्रार आहे आणि ती मिटायला आठवडे जातात.

येणारं भाडं काही बँका उत्पन्नात धरतात, पण पूर्ण नाही आणि तेही नोंदणीकृत करार व खात्यात जमा झालेलं भाडं दाखवलं तरच. अजून न मिळालेल्या भाड्यावर फार विसंबू नका. जोडीदार कमावता असेल तर सहकर्जदार करता येतो. मालकीतही त्याचं नाव असेल तर दोघांनी आपापल्या हिश्शाचं व्याज करात दाखवायचं. नुसता सहकर्जदार असलेल्याला ती वजावट मिळत नाही.

डाऊन पेमेंटच्या पैशाबद्दल आमचं मत सरळ आहे. मोडता येणाऱ्या ठेवी, गावाकडच्या प्लॉटच्या विक्रीचे पैसे, आईवडिलांनी दिलेली रक्कम हे सगळं चालेल. राहत्या घराचं कर्ज बरंच फिटलं असेल तर त्यावर टॉप-अप, म्हणजे त्याच घराच्या तारणावर वाढीव कर्ज मिळतं. त्याचा दर गृहकर्जापेक्षा थोडा वर, पण वैयक्तिक कर्जाच्या खूप खाली असतो. टॉप-अपचे पैसे थेट फ्लॅट खरेदीला वापरले याचा बँकेतला माग स्वच्छ ठेवला तर त्या व्याजाचीही वजावट मागता येते. वैयक्तिक कर्जाने डाऊन पेमेंट भरू नका. पाच वर्षांच्या मुदतीमुळे त्याचा हप्ता जड असतो, तो गृहकर्जाची पात्रता खातो, आणि पहिला भाडेकरू सोडून गेला की दोन्ही हप्ते एकदम अंगावर येतात.

कर्जाचा प्रकार निवडताना तीन गोष्टी बघा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराशी बांधलेली असतात; तुमच्या करारात त्यावर किती अधिक आकारणी आहे आणि दर किती महिन्यांनी बदलतो हे विचारा. दर वाढला की बँक बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवते, त्यामुळे वर्षातून एकदा उरलेली मुदत तपासायची सवय लावा. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. आणि काही बँकांकडे ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असतं: आकस्मिक खर्चाचा निधी आणि भाडेकरूचं डिपॉझिट त्या खात्यात ठेवलं तर तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबतं आणि गरज पडली की पैसे काढता येतात. दर किंचित जास्त असला तरी भाड्याच्या फ्लॅटसाठी ही सोय कामाची आहे.

कोणता फ्लॅट

पहिल्या खेपेला बांधकाम चालू असलेला फ्लॅट टाळलेला बरा. त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसला तर १ टक्का), ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, आणि त्या काळातलं व्याज ताबा मिळाल्यानंतर पाच समान वार्षिक भागांतच वजा करता येतं. तयार, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी नाही. पाच ते बारा वर्षं जुनी इमारत, सोसायटी नोंदलेली, लिफ्ट चालू आणि चालत दहा-पंधरा मिनिटांवर भाडेकरूला कामाची जागा किंवा बस-मेट्रो, एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं. स्विमिंग पूल आणि क्लबहाऊस यांनी मेंटेनन्स वाढतो, भाडं त्या मानाने वाढत नाही. टू बीएचकेपेक्षा वन बीएचकेचं भाडं किमतीच्या टक्क्यात सहसा थोडं बरं पडतं, आणि रिकामा राहिला तरी हप्त्याचा बोजा आटोक्यात राहतो.

पाण्याची चौकशी वेगळी करा. शहराच्या कडेच्या बऱ्याच सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात आणि तो खर्च मेंटेनन्समधून निघतो. सोसायटीच्या मागच्या वर्षाच्या ताळेबंदात टँकरची रक्कम वेगळी लिहिलेली सापडते. तो मागून घ्या.

भाड्याचा खरा आकडा एजंटाला ‘मी घेणारा आहे’ असं सांगून कळत नाही. त्याला विक्री करायची असते. दुसऱ्या एजंटाला भाडेकरू म्हणून फोन करा आणि त्याच इमारतीतला फ्लॅट मागा. सिक्युरिटीवाल्याला विचारा की सध्या किती फ्लॅट रिकामे आहेत आणि कधीपासून. नोंदणी विभागाच्या ई-सर्च सोयीवर गावाचं नाव आणि मिळकत क्रमांक टाकला की त्या मिळकतीवरचे नोंदलेले दस्त दिसतात. त्यात मागच्या विक्रीच्या किमती असतात आणि लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचे करारही सापडतात. तोंडी भाव आणि नोंदलेला भाव यांतला फरक बोलणी करताना उपयोगी पडतो.

दुकानाचा मोह अनेकांना होतो, कारण भाडं किमतीच्या मानाने जास्त. पण व्यापारी गाळ्याला कर्ज कमी टक्क्यांनी, चढ्या दराने आणि कमी मुदतीने मिळतं, गाळा रिकामा राहिला तर महिनोन्‌महिने राहतो, आणि व्यापारी भाड्यावर जीएसटीचा प्रश्न येतो. पहिला व्यवहार निवासीच करावा. गुंठ्यातली, सामाईक सातबाऱ्यावरची घरं आणि मुंबईतल्या पागडीच्या (मालकी नव्हे, नुसता भाडेहक्क असलेल्या) खोल्या स्वस्त दिसतात. त्यांवर बहुतेक बँका कर्ज देत नाहीत, आणि उद्या विकायला गेलात तर रोखीने घेणाराच गाठावा लागतो.

कागद आणि पैसे: क्रम चुकवू नका

आधी बँकेकडून स्वतःच्या पात्रतेचं मंजुरीपत्र घ्या, मग फ्लॅट ठरवा. पसंत पडला की विक्रेत्याकडून या कागदांच्या प्रती मागा: त्याचा नोंदणीकृत करार आणि सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा), त्याआधीच्या प्रत्येक मालकाचे तेच कागद, भाग दाखला (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट), बांधकामाचा मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करण्याची परवानगी), भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कर आणि विजेची शेवटची पावती, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. वकिलाला तीस वर्षांचा शोध घ्यायला सांगा. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी, सोसायटीच्या नावावर झालंय का, हेही विचारा. झालं नसेल तर आज अडत नाही, पण पुनर्विकासाच्या वेळी अडतं. साखळीतला एखादा मूळ करार हरवला असेल तर बँक पोलीस तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि नोंदणी कार्यालयाची प्रमाणित प्रत मागते. यात महिना सहज जातो.

विसार (सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम) देताना साधी पावती पुरेशी नाही. त्यात स्पष्ट लिहा की मालकीच्या कागदांतल्या दोषामुळे बँकेने कर्ज नाकारलं तर विसार पूर्ण परत मिळेल, आणि करार नोंदवायला किमान ४५ दिवसांची मुदत घ्या. ही अट नसेल तर बँकेचा वकील पंधरा दिवसांनी ‘भोगवटा प्रमाणपत्र अपुरं’ म्हणतो आणि विसार विक्रेत्याकडे अडकतो. दुसरी नेहमीची अडचण मूल्यांकनाची. व्यवहार ५० लाखांचा आणि बँकेच्या मूल्यांककाने ४६ लाख लिहिले, तर ८० टक्के ४६ चे, म्हणजे ३६ लाख ८० हजार मिळणार. वरचे ३ लाख २० हजार तुमचे. विसाराआधी किंमत पडताळली असेल तर हा धक्का कमी बसतो.

‘थोडे रोख द्या, करार कमीचा करू’ याला नाही म्हणा. स्थावर व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर कायद्यात तेवढाच दंड आहे. शिवाय कर्ज करारातल्या किमतीवर मिळतं आणि उद्या विकताना नफा फुगलेला दिसतो.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची. आपल्या उदाहरणात ५०,०००. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून तीस दिवसांत आयकराच्या संकेतस्थळावर भरायचा. कापण्याआधी विक्रेत्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का हे तपासा. पॅन निष्क्रिय असेल तर दर वीस टक्क्यांवर जातो आणि फरकाची नोटीस तुमच्या नावाने येते. विक्रेता परदेशात राहणारा असेल तर हा एक टक्क्याचा नियम लागूच होत नाही. तिथे कापायची रक्कम बरीच मोठी असते; सीएला विचारल्याशिवाय विसारही देऊ नका.

विक्रेत्याचं स्वतःचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून दोन कागद लागतात: कर्ज बंद करायच्या रकमेचं पत्र आणि बँकेच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी. तुमची बँक पहिला धनादेश थेट त्या बँकेच्या नावाने काढते, कागद तिकडून येतात, मग उरलेली रक्कम विक्रेत्याला. तुमचा स्वतःचा हिस्सा बँक आधी भरायला लावते आणि त्याच्या पावत्या मागते.

सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवायचा असतो. नोंदणीनंतर सोसायटीत हस्तांतरणाचा अर्ज, मालमत्ता कराला नाव, विजेच्या मीटरला नाव, पाइप गॅस असेल तर तिथेही. ही कामं लोक भाडेकरू आल्यावर करू म्हणतात आणि वर्षानुवर्षं राहून जातात.

भाडेकरू आणि करार

घर तयार करताना पैसा टिकाऊ गोष्टींवर घाला. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, चांगले नळ, वायरिंग, जाळ्या, गिझर. आपल्या बाथरूमची गळती खाली उतरली की खालच्या फ्लॅटवाल्याशी भांडण होतं आणि खर्च दुप्पट. सोफा-टीव्ही-बेड देऊन थोडं भाडं वाढवायचा बेत सहसा तोट्यात जातो. दोन भाडेकरू बदलले की सामान मोडीत निघतं.

भाडेकरूकडून आधार, पॅन, नोकरीचं ओळखपत्र, तीन पगारपत्रकं घ्या आणि आधीच्या घरमालकाला फोन करा. भाडं त्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत बसतं का बघा. पुण्यात दोन-तीन महिन्यांचं, मुंबईत त्याहून जास्त डिपॉझिट घ्यायची पद्धत आहे. भाडं नेहमी खात्यात.

करार हा या सगळ्या धंद्याचा कणा. ‘अकरा महिन्यांचा केला की नोंदवायला लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे, मग तो किती का महिन्यांचा असेना, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षा मोठा धोका पुढे आहे: करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरला इथे काही वजन नाही.

आणि खर्च किती? अकरा महिन्यांचं भाडं १,७६,०००, डिपॉझिट ५०,००० असेल तर त्यावर वर्षाला दहा टक्के धरून काल्पनिक व्याज सुमारे ४,५८३. बेरजेच्या पाव टक्का म्हणजे साडेचारशे-पाचशे रुपये मुद्रांक, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, वर दस्त हाताळणीचे थोडे. सगळं ऑनलाइन, आधार आणि बोटाचा ठसा देऊन घरबसल्या होतं. करार ६० महिन्यांपर्यंतचा करता येतो. चांगला भाडेकरू मिळाला तर दोन-तीन वर्षांचा, दरवर्षी पाच टक्के वाढीचा करार सरळ करावा. दर अकरा महिन्यांनी नव्या कराराचा आग्रह बहुधा एजंटाचा असतो.

करारात या गोष्टी हव्यातच: सुरुवातीचे किती महिने कोणी सोडायचं नाही, एक महिन्याची नोटीस, मेंटेनन्स कोण भरणार, राहणाऱ्यांची नावं, रंगाचे पैसे कापणार असाल तर नेमकी रक्कम, सामानाची यादी आणि त्या दिवशीचं मीटर रीडिंग. ताबा देताना प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढून भाडेकरूला पाठवा. डिपॉझिट परत देतानाचं बहुतेक भांडण त्या व्हिडिओवर मिटतं.

पोलिसांना भाडेकरूची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावरून द्या. पोचपावती सोसायटीला लागते. सोसायटीला आधी कळवून कराराची प्रत द्यायची. सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते, पण राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त नको, आणि ‘सेवाशुल्कात’ पालिकेचे कर धरायचे नाहीत. मेंटेनन्सच्या पूर्ण रकमेवर दहा टक्के लावलेलं बिल आलं तर लेखी हरकत घ्या.

कर

भाड्यातून तुम्ही भरलेला मालमत्ता कर वजा करायचा, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के, मग कर्जाचं व्याज. ३० टक्क्यांत दुरुस्ती, दलाली, मेंटेनन्स सगळं आलं; वेगळं दाखवता येत नाही. उदाहरणातल्या फ्लॅटचं पहिल्या वर्षाचं भाडं, एक महिना रिकामा धरून, १,७६,०००. कर जाऊन १,६४,०००. तीस टक्के जाऊन १,१४,८००. पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे ३,३७,०००. म्हणजे २,२२,००० चा तोटा. जुन्या करप्रणालीत यातले दोन लाख पगारातून वजा होतात आणि उरलेले पुढच्या आठ वर्षांत घराच्या उत्पन्नातून वजा करता येतात. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे ६२,४०० वाचतात. नव्या करप्रणालीत भाड्यावरचा कर शून्य होतो, पण तोटा पगारातून वजा होत नाही. एजंट दाखवतो ती ‘करबचत’ बहुधा जुन्या प्रणालीतली असते.

मालक परदेशात राहत असेल तर भाडं कितीही लहान असो, ते पाठवणाऱ्या भाडेकरूने टीडीएस कापला पाहिजे. अनेक भाडेकरू याच कारणाने असा फ्लॅट नको म्हणतात. अमेरिकेतून किंवा दुबईतून पुण्यात गुंतवणूक करणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

घर सोडत नाही तेव्हा

मुदत संपूनही राहणारा हलत नसेल तर पाणी-वीज तोडायची नाही, कुलूप बदलायचं नाही. अत्यावश्यक सेवा तोडणं हा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २९ प्रमाणे मालकावर उलटणारा गुन्हा आहे, आणि तुमची बाजू त्याने कमजोर होते. नोंदणीकृत करार असेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करायचा. तिथे लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, राहणाऱ्याला बचाव मांडण्यासाठी तीस दिवसांत परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी कराराच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी लेखी नोटीस पाठवा. मुदत उलटल्यावर खात्यात आलेलं नेहमीचं भाडं मुकाट्याने घेत राहू नका. ती रक्कम ताबा न सोडल्याबद्दलच्या भरपाईपोटी घेत आहोत, असं त्याच दिवशी ईमेलने कळवा.